अर्ध्या दिवसाची कोल्हापूर सहल : अंबाबाई, गुऱ्हाळ आणि रंकाळ्यातली बोट – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुपारी एक ते संध्याकाळी साडेसहा, एवढ्या वेळात ही सहल होते. बुकिंगआधी लोक जे विचारतात त्याची उत्तरं इथे आहेत. गुऱ्हाळाबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं आहे, कारण फोनवर सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच येतात आणि वेळेचा घोळही तिथेच होतो.

सहलीत नेमकं काय काय आहे?

तीन थांबे. पहिला भवानी मंडप आणि अंबाबाईचं देऊळ, दुसरा पन्हाळा रस्त्याच्या बाजूला करवीर तालुक्यातलं एखादं चालू गुऱ्हाळ आणि तिथे उसाच्या रसापासून गरम गुळापर्यंतची चव, तिसरा रंकाळा तलावात बोटीची फेरी.

दुपारी १ वाजता बिंदू चौकातल्या वाहनतळाजवळ जमायचं. तीनपर्यंत देऊळ आणि परिसर. साडेतीनच्या आसपास गुऱ्हाळ, तिथे सव्वा तास. सव्वापाचला रंकाळा. सूर्य बुडायच्या आत बोटीतून उतरायचं आणि साडेसहाला सुट्टी. ज्यांना हवं त्यांना गाईड गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर सोडतो. तिथे संध्याकाळी म्हशी आणून समोरच धार काढून दूध देतात. तो सहलीचा भाग नाही, पण वाटेवरच आहे.

सुरुवातीची वेळ आदल्या रात्री का कळवता? आधीच ठरलेली नसते का?

एक वाजता हे धरून चाला, पण अर्धा तास पुढेमागे होऊ शकतो, आणि त्याचं कारण काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई. गुऱ्हाळात एका वेळी जेवढा रस काहिलीत घेऊन शिजवतात त्याला आधण म्हणतात. एक आधण उतरायला साधारण अडीच ते तीन तास लागतात, त्यातला बघण्यासारखा भाग शेवटच्या पाऊण तासात असतो. तीच वेळ धरून आम्ही बाकीची सहल मागे मोजत येतो. गुळव्याला, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराला, ‘पाहुणे वाटेत आहेत, जरा थांबा’ म्हणता येत नाही. पाक तयार झाला की काहील चुलवाणावरून (मोठ्या चुलीवरून) उतरवावीच लागते, दोन मिनिटं जास्त झाली तरी गूळ करपतो.

म्हणून देवळात रांग लांबली तर आम्ही देवळातला वेळ कापतो, गुऱ्हाळाचा नाही. हे आवडत नसेल, निवांत दर्शन घ्यायचं असेल, तर सकाळी लवकर स्वतः दर्शन करून या आणि दुपारी देवळाच्या बाहेरच्या भागात आम्हाला भेटा. आमच्या मते हाच सगळ्यात चांगला बेत आहे.

यात वाइन टेस्टिंग आहे का? बोट आणि वाइन अशा सहली असतात ना?

त्या नाशिकला. गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरी आहेत, बोट क्लबही आहे, त्यामुळे तिथे हे दोन्ही एका दुपारीत जमतं. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं आहे, म्हणजे मुलाबाळांसह गेलेल्या घरात निम्मी मंडळी नुसतीच बसून राहतात. कोल्हापूर उसाचा जिल्हा. द्राक्षं बघायची तर सांगली जिल्ह्यात तासगावकडे जावं लागतं, आणि तिथेही बेदाण्याचंच नाव मोठं. आमच्या सहलीत ग्लासात येतो तो रस. स्वतःची बाटली आणून बोटीत बसायचा विचार असेल तर तो सोडा, आम्ही बसू देत नाही.

न्यू पॅलेस आणि पन्हाळा का नाही?

न्यू पॅलेस देवळापासून उलट दिशेला, कसबा बावड्याच्या रस्त्यावर आहे. १८७७ ते १८८४ या काळात बांधलेली ती वास्तू आणि तिच्यातलं शहाजी छत्रपती म्युझियम नीट बघायला किमान दीड तास हवा. तो या दुपारीत घुसवला तर तिन्ही ठिकाणं धावत बघावी लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतंत्र जा. आत फोटो काढू देत नाहीत, हे लक्षात असू द्या.

पन्हाळा शहरापासून २० किलोमीटरवर आहे आणि तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जा कोठी, अंबरखान्याची तिन्ही कोठारं हा पूर्ण दिवसाचा ऐवज आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले त्यात पन्हाळाही आहे. तेव्हापासून ‘जाता जाता पन्हाळा दाखवा’ असं पुष्कळजण म्हणतात. जाता जाता फक्त गाडीतळ दिसतो.

देवळात दर्शनाला किती वेळ लागतो?

आडवारी दुपारी रांग सहसा हलती असते. शुक्रवार, मंगळवार, रविवार, पौर्णिमा, शाळांच्या सुट्ट्या आणि लग्नसराईनंतर नवी जोडपी येतात ते दिवस, यांचा भरवसा नाही. पूजा बांधायच्या वेळी रांग काही काळ थांबते, तेव्हा ‘पुढे कोणी घुसलं का’ म्हणून वैतागू नका.

देवळात दोन प्रकारे दर्शन होतं. एक रांगेतून गाभाऱ्यापाशी जाऊन, दुसरं समोरून लांबून, ज्याला मुखदर्शन म्हणतात. गर्दी असेल तर आम्ही गटाला मुखदर्शनच घडवतो. त्याला दहा-पंधरा मिनिटं पुरतात आणि महाद्वाराच्या रेषेतून देवी समोरासमोर दिसते. रांग चुकवून आत नेण्याची सोय आमच्याकडे नाही. देवळाबाहेर कोणी पैसे घेऊन ती करतो म्हणाला तर त्याच्या मागे जाऊ नका.

नवरात्रात ही सहल आम्ही चालवत नाही. त्या दहा दिवसांत देवळाच्या भोवतीचे रस्ते गाड्यांना बंद असतात आणि रांगेचा अंदाज कोणालाच देता येत नाही.

गाईड देवळात काय सांगतो? गर्दीत ऐकू येतं का?

आत नाही सांगत. गाभाऱ्यासमोर उभं राहायला क्षणभर मिळतो, तो दर्शनाचा. बोलणं आधी बाहेर, प्रदक्षिणेच्या वाटेवर होतं.

सांगण्यासारखं पुष्कळ आहे. देऊळ काळ्या बेसॉल्टचं, चालुक्यकाळात सुरू झालेलं आणि पुढच्या राजवटींत वाढत गेलेलं. त्यामुळे शिखरं आणि खालचं दगडी बांधकाम वेगवेगळ्या काळाचं आहे हे एकदा दाखवलं की डोळ्यांना लगेच कळतं. बाहेरच्या भिंतींवरच्या योगिनी आणि वादक-नर्तिकांची शिल्पं बहुतेक लोक रांगेच्या नादात बघतच नाहीत. देवीच्या मूर्तीला चार हात : म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र. साडी-दागिन्यांमुळे यातलं बरंचसं झाकलेलं असतं, म्हणून आधी माहीत असलेलं बरं. मूर्तीचं तोंड पश्चिमेला, आणि किरणोत्सव होतो तो त्यामुळेच.

किरणोत्सवाच्या दिवशी ही सहल करता येईल का?

येईल, पण किरणोत्सव दिसणार नाही. मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यात शिरतात : ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १० आणि ११ नोव्हेंबर. पहिल्या दिवशी पायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. ढग आले किंवा धूळ दाट असली तर किरण अर्ध्या वाटेतच विझतात, म्हणून आसपासच्या एकदोन दिवसांतही लोक येऊन बसतात. हे सगळं सूर्यास्ताच्या सुमाराला होतं आणि तेव्हा आमची मंडळी रंकाळ्यात असतात. दोन्हीपैकी एकच निवडावं लागेल. आम्हाला विचाराल तर किरणोत्सव निवडा, रंकाळा काय रोज आहे.

कपडे, पिशव्या, मोबाइल?

अंगभर कपडे घाला. तोकडे किंवा बिनबाह्यांचे कपडे असतील तर दारातच अडचण होते. मोठी बॅग गाडीत ठेवा. मोबाइल बंद करून खिशात ठेवा, गाभाऱ्याकडे फोटो काढू नका. चपला गाडीतच काढून न येता दाराजवळच्या स्टँडवर ठेवा. उन्हाळ्यात दुपारी दीड वाजता बिंदू चौकातून अनवाणी चालत येणाऱ्यांचे पाय पोळलेले असतात.

गुऱ्हाळासाठी मात्र पायात पूर्ण झाकणारं काहीतरी हवं. जमीन चिकट असते, चिपाडाचे (रस पिळून उरलेल्या उसाचे) तुकडे टोचतात, मधमाश्या आणि गांधीलमाश्या असतात. फिके कपडे रसाच्या डागांनी वाया जातात.

गुऱ्हाळात काय बघायला मिळतं?

ऊस ते गूळ, सगळं एकाच छपराखाली. चरकातून ऊस पिळला जातो, रस गाळून हौदात आणि तिथून काहिलीत येतो. काहील म्हणजे चुलवाणावर बसवलेली मोठी पसरट लोखंडी कढई. जळण म्हणून त्याच उसाची वाळवलेली चिपाडं. चुलव्या खालून जाळ घालत असतो आणि वर गुळव्या उभा असतो. जाळ वाढव, थांबव, हे तो वरून सांगतो.

रस तापला की मळी, म्हणजे रसातली घाण, वर येते. ती वर यावी म्हणून रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात, थोडा चुना घालतात आणि मोठ्या झाऱ्याने मळी काढत राहतात. या टप्प्यावर आळस झाला तर गूळ काळसर आणि कडवट होतो, नंतर काही केल्या सुधारत नाही. चुना जास्त झाला तरी रंग काळा पडतो. मग रस आटत जातो, बुडबुडे मोठे आणि जड होतात, वास बदलतो. १०५-१०६ अंश सेल्सिअसच्या आसपास जे काढून घेतात ती काकवी. पुढे ११८ अंशांच्या आसपास गुळाचा पाक येतो.

गुळव्या थर्मामीटर सहसा वापरत नाही. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी गोळी करून बघतो. गोळी घट्ट झाली, आपटल्यावर टणक आवाज आला की झालं. मग सगळे धावतात : काहील उचलून पाक वाफ्यात (गार करायच्या उथळ हौदात) ओततात आणि फावड्यांनी हलवत गार करतात. घट्ट व्हायला लागला की कापड घातलेल्या बादल्यांत भरतात. बादलीतून निघते ती ढेप, तिलाच रवा म्हणतात. बाजारासाठी पूर्वापार ३० किलोचा रवा, घरगुती गिऱ्हाईकांसाठी १०, ५ आणि १ किलोचे, आणि आता वड्याही. १०० किलो उसातून साधारण ११-१२ किलो गूळ निघतो. हे प्रमाण ऐकलं की किलोमागे घासाघीस करणारे जरा गप्प होतात.

हा धंदा शहराच्या रचनेतही दिसतो. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी पेठ वसवली. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आधण बिघडतं का? आम्ही असताना बिघडलं तर?

बिघडतं, आणि बघायला मिळालं तर तेही बघण्यासारखं असतं. सगळ्यात नेहमीचं कारण शिळा ऊस. तोडून दीड-दोन दिवस पडलेल्या उसात साखरेचं विघटन सुरू होतं, मग पाक कितीही आटवला तरी गूळ बसत नाही, चिकट राहतो. महापुरात बुडालेल्या आणि लोळलेल्या उसाचंही तसंच. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ खारट लागतो आणि लवकर पाझरतो. जाळ बेताल झाला तर करपट. गूळ बसला नाही तरी चवीसाठी आदल्या दिवसाचा असतोच, त्यामुळे तुमची चव चुकत नाही.

चव कशी देता? किती?

ज्या क्रमाने पदार्थ तयार होतो त्याच क्रमाने, कारण गोडी चढत जाते. उलट केलं तर रस पाण्यासारखा लागतो. आधी चरकातला ताजा रस, २०० मिलीलिटरचा एक ग्लास, आल्या-लिंबाशिवाय. आलं-लिंबू हवं असेल तर दुसऱ्या ग्लासात घ्या. पहिला कोरा प्या, म्हणजे उसाची चव कळते. रस हातात आला की लगेच संपवा, पंधरा-वीस मिनिटांत तो काळपट पडतो आणि आंबायला लागतो. बर्फ आम्ही घालू देत नाही, पोटं बिघडतात ती बहुतेक बर्फाने.

मग भाकरीच्या तुकड्यावर दोन चमचे काकवी. मध्ये भाजलेले शेंगदाणे आणि पाणी, तोंड साफ करायला. त्यानंतर वाफ्यातला कोमट गूळ, सुपारीएवढा. तो पातळ पानावर किंवा उसाच्या कांडीला लावून देतात. शेवटी पूर्ण गार झालेला आजचा गूळ आणि मागच्या हंगामातला जुना गूळ शेजारी शेजारी. जुन्याची चव खोल आणि किंचित खमंग असते. पुष्कळांना तोच जास्त आवडतो, आणि औषधाला जुना गूळ मागतात तो का, हेही तिथे कळतं.

एक नियम सगळ्यांना : काहिलीतून किंवा वाफ्यातून स्वतःच्या हाताने काही घ्यायचं नाही. उकळतं पाणी अंगावर पडलं तर ओघळून जातं, पाक चिकटून बसतो आणि भाजत राहतो. गुळव्या देईल तेव्हाच घ्या. लहान मुलं काहिलीपासून दोन मीटर लांब, मोठ्या माणसाचा हात धरून.

मधुमेह असेल तर?

‘गूळ चालतो’ हा समज घेऊन येणारे फार. रक्तातली साखर गुळानेही वाढते. एका ग्लास रसातच साधारण ३० ग्रॅम साखर असते, त्यावर काकवी आणि गूळ. मधुमेह असेल तर एक घोट, एक बोट काकवी, एवढ्यावर थांबा आणि डॉक्टरांना विचारून या. इन्सुलिन घेत असाल तर बुकिंगच्या वेळी सांगा. दुपारचं जेवण आणि ही चव यांच्यातलं अंतर आम्हाला सांभाळता येतं.

उपवासाला रस आणि गूळ चालतो असं बहुतेक घरांत मानतात. भाकरीऐवजी शेंगदाणे घ्या.

गूळ विकत घेताना काय बघायचं?

पिवळाधमक आणि पांढुरका गूळ बघून भुलू नका. तो रंग बऱ्याचदा हायड्रॉस पावडर या रंग उजळवणाऱ्या रसायनाचा असतो, गिऱ्हाईकाला उजळ गूळ आवडतो म्हणून घालतात. काही न घातलेला गूळ तांबूस-तपकिरी ते गडद असतो. फोडल्यावर आत रवाळ कण दिसले पाहिजेत. काचेसारखे चमकणारे टणक खडे दिसले तर साखर मिसळल्याची शंका घ्या. जिभेवर खारट लागला तर ऊस खारवट रानातला आहे. वास घ्या, आंबूस असेल तर ठेवून द्या.

गुऱ्हाळवाल्याला ‘रासायनिक घालता का’ असं विचारून उपयोग नाही, ‘नाही’ हेच उत्तर येतं. ‘भेंडी कुठाय?’ असं विचारा आणि ती बघा.

घरी नेलेला गूळ आणि काकवी किती टिकते?

गूळ हवेतला ओलावा ओढतो. उन्हाळ्यात घेतलेला गूळ पावसाळ्याआधी फोडून, कोरड्या हवाबंद डब्यात भरून ठेवा. अख्खी ढेप पोत्यात तशीच ठेवली तर जुलैत पाझरते. काकवी काचेच्या बाटलीत भरा. तळाशी खडे जमले तर ती भेसळ नाही, साखर बसलेली असते, कोमट पाण्यात बाटली ठेवली की विरघळते. बाटली फुगली, फेस आला तर मात्र काकवी कमी आटवलेली होती आणि आंबली आहे, टाकून द्या.

विमानाने जाणार असाल तर काकवी द्रवात मोजतात, ती हातातल्या बॅगेत चालत नाही. सामानात टाका आणि बाटली दोन पिशव्यांत बांधा.

वर्षभर गुऱ्हाळ बघायला मिळतं का?

नाही. खरा हंगाम ऑक्टोबरअखेर किंवा दिवाळीनंतर सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम : ऊस पक्व, हवा कोरडी, गूळ चांगला बसतो. पावसाळ्यात चिपाडं भिजतात, जाळ लागत नाही, रानातून ऊस बाहेर काढता येत नाही. काही गुऱ्हाळं बारमाही चालतात, पण बिगरहंगामात साखर मिसळण्याचे प्रकार होतात. म्हणून तिथे आम्ही नेत नाही.

जून ते सप्टेंबर या काळात गुऱ्हाळाऐवजी टाऊन हॉल म्युझियम आणि चप्पल लाईन (कोल्हापुरी चपलांच्या दुकानांची ओळ) असा बदल असतो. म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कसा आला, यावर गाईड अर्धा तास बोलू शकतो, त्याला आवरा. म्युझियम सोमवारी बंद असतं, त्यामुळे पावसाळ्यात सोमवारची सहल नसते.

पुराचं काय?

जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघून ठरवतो. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. ३९ फुटांना आम्ही सहल रद्द करून पूर्ण पैसे परत देतो. शहरात पाणी आलेलं नसलं तरी पुढचे रस्ते बंद होत जातात, आणि २०१९ आणि २०२१ साली महामार्गावरच पाणी आलं होतं. तुम्ही पुण्या-मुंबईहून येणार असाल तर आमच्या निरोपाची वाट न बघता बातम्यांत बंधाऱ्याची पातळी बघत चला.

रंकाळ्यातली बोट म्हणजे क्रूझ आहे का?

नाही, उगीच मोठी अपेक्षा नको. साधी इंजिनाची बोट असते, फेरी पंधरा-वीस मिनिटांची. पायाने मारायची बोटही असते, पण वारा पश्चिमेकडून सुटला की ती परत आणताना घाम निघतो, म्हणून गटासाठी आम्ही इंजिनाचीच घेतो.

लाइफ जॅकेट सगळ्यांना सक्तीचं, पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही. ते नुसतं अंगात अडकवून चालत नाही. सगळे पट्टे आवळा, मग कोणीतरी खांद्यापाशी धरून वर ओढून बघा. हनुवटीच्या वर सरकलं तर ढिलं आहे. लहान मुलाला मोठ्या मापाचं घातलं तर त्यातून मूल खाली निसटू शकतं. मुलाच्या मापाचं मिळालं नाही तर त्या मुलाने काठावर थांबायचं, यात आम्ही ऐकत नाही. बोटीत उभं राहून सेल्फी काढू नका. सगळे एका बाजूला सरकले की बोट कलते.

वारा जोराचा असेल, केंदाळ (जलपर्णी) वाढलेलं असेल किंवा तिथलं बोटिंगच बंद असेल तर बोटीचे पैसे परत देतो आणि काठाने संध्यामठ ते रंकाळा टॉवर अशी पायी फेरी होते. केंदाळ पंख्यात अडकून मध्येच इंजिन बंद पडणं, हा बोटीचा नेहमीचा आजार आहे. घाबरायचं कारण नाही, बोटवाला पंखा उचलून साफ करतो.

बोटीतून काय दिसतं?

शालिनी पॅलेस, १९३१ ते १९३४ या काळात बांधलेला, राजकन्या शालिनीराजेंच्या नावाचा. तो पाण्यातूनच चांगला दिसतो. संध्यामठ ही पाण्यातली दगडी वास्तू पावसाळ्यानंतर बरीचशी बुडालेली असते आणि उन्हाळ्याकडे उघडी पडत जाते, म्हणजे जानेवारीत आणि एप्रिलमध्ये वेगवेगळा संध्यामठ दिसतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, मार्चअखेरीस साडेसहानंतर. बोटीची वेळ त्याप्रमाणे सरकते.

पाणी स्वच्छ आहे का, असंही विचारतात. तळ दिसेल असं पाणी नाही. सांडपाणी आणि केंदाळ यांचं दुखणं जुनं आहे. पाण्यात हात घालू नका, घातला तर भेळ खाण्याआधी धुवा.

ज्येष्ठ मंडळींना झेपेल का?

चालणं मिळून दोन-अडीच किलोमीटर, बहुतेक सपाट. अडचण दोन ठिकाणी : देवळातले उंच दगडी उंबरे आणि बोटीत चढताना हलणारी पायरी. गुडघे दुखत असतील तर बोट सोडून चौपाटीवर बसा. व्हीलचेअर भवानी मंडपापर्यंत येते, गुऱ्हाळात चिखल-चिपाडामुळे चाकं रुततात. दम्याचा त्रास असेल तर चुलवाणाच्या धुरापासून वाऱ्याच्या उलट बाजूला उभं करतो, पण त्रास जास्त असेल तर गुऱ्हाळाचा भाग टाळलेलाच बरा.

जेवून यायचं का?

हो, पण हलकं. एक वाजता तांबडा-पांढरा रस्सा आणि मटण हाणून आलेला माणूस साडेतीनला रस पिऊ शकत नाही. मिसळही चालते, फक्त कट बेताने घ्या. जड जेवण रात्रीसाठी ठेवा.

चपला घ्यायला वेळ मिळतो का?

हंगामात नाही. शिवाजी चौकाजवळची चप्पल लाईन देवळापासून चालत जाण्यासारखी आहे, सहलीआधी सकाळी जा. नवी चप्पल घालून सहलीला मात्र येऊ नका, पहिले काही दिवस ती चावते. आतून एरंडेल किंवा खोबरेल चोळून घरात घालून मऊ करा. आणि बोटीत तर नकोच, भिजली की कातडं ताठरतं आणि शिवण सुटते.

पैशांत काय काय धरलं आहे?

गाडी, गाईड, गुऱ्हाळातली चव, बोटीचं तिकीट, पिण्याचं पाणी. ओटी, प्रसाद, खरेदी, चप्पल स्टँड आणि दूध कट्टा तुमच्याकडे. गट जास्तीत जास्त दहाजणांचा, कारण काहिलीभोवती त्याहून जास्त माणसं सुरक्षित उभी करता येत नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांचे पैसे नाहीत. एक दिवस आधी कळवून रद्द केलं तर पूर्ण पैसे परत. त्याच दिवशी रद्द केलं तर परत मिळत नाहीत, तुमच्यासाठी बोट आणि गुऱ्हाळ सांगून ठेवलेलं असतं. गुळव्याला काही द्यावंसं वाटलं तर थेट त्याच्या हातात द्या, आणि चुलव्यालाही. दिवसभर जाळासमोर तोच असतो.

रविवारी घ्यावी की आडवारी?

आडवारी. रविवारी संध्याकाळी पन्हाळा-जोतिबाहून परतणाऱ्या गाड्या शिवाजी पुलाच्या अलीकडे तुंबतात आणि बोटीची वेळ हुकते. रविवारच घ्यावा लागला तर आम्ही अर्धा तास आधी निघतो आणि गुऱ्हाळही शहराच्या जवळचं धरतो.

त्याच रात्री मुंबईची गाडी पकडता येईल का?

महालक्ष्मी एक्स्प्रेस साधारण रात्री नऊच्या सुमाराला सुटते, त्यामुळे सहल संपल्यावर जेवायला वेळ उरतो. तरी तिकिटावरची वेळ बघून घ्या. सामान सकाळीच हॉटेलात किंवा स्टेशनच्या सामानघरात ठेवा. रंकाळ्याहून स्टेशनला जाताना महाद्वार रोडची रिक्षा करू नका, संध्याकाळी तिथे चालणारा माणूस रिक्षेच्या आधी पोचतो. बाहेरच्या रस्त्याने जायला सांगा आणि अर्धा तास धरा.